कोणाच्या हातचा चहा?

चहावरच्या मराठी ललित लेखनाचा एक साचा आता पक्का झाला आहे. पहाटेचा गारवा, उकळणारे आधण, आल्या-वेलदोड्याचा वास, आजोबांची बशी, कॉलेजच्या दिवसांतली टपरी, मग अमृततुल्य आणि इराणी यांचे स्मरण, आणि शेवटी कागदी कपाबद्दल थोडी हळहळ. हे लेख मी आवडीने वाचतो. त्यांतला आनंद खोटा नाही. पण असे पुष्कळ लेख ओळीने वाचले की एक गोष्ट खटकू लागते. या लेखांत चहा नेहमी तयार होऊनच समोर येतो. तो कोणी केला, कोणत्या भांड्यातून दिला, शेजारी कोण बसले होते आणि कोणाला बसू दिले नव्हते, याची विचारपूस त्यांत क्वचितच होते.

गंमत अशी की, आपल्याकडच्या ज्या पुस्तकांतला चहा कायमचा लक्षात राहतो, त्यांत नेमकी हीच विचारपूस आहे. अशी काही पुस्तके आणि काही प्रसंग येथे एकमेकांशेजारी ठेवून वाचायचे आहेत. माझे म्हणणे थोडक्यात असे: मराठी माणसाचा चहाचा आस्वाद जिभेपेक्षा नात्यावर उभा आहे. ‘चहा कसा झाला?’ या प्रश्नाच्या आधी आपल्याकडे ‘चहा कोणाच्या हातचा आणि कोणाबरोबर?’ हा प्रश्न होता. तो विसरून लिहिलेले चहाचे कौतुक गोड लागते, पण पातळ होते.

साक्ष भाषेचीच काढता येते. मराठी माणूस चहा पितो त्यापेक्षा ‘घेतो’ जास्त, आणि घ्यायचे म्हटले की देणारा आलाच. घरी चहा ‘टाकतात’, हॉटेलात ‘सांगतात’. ‘चहापाणी’ या एका शब्दात आदरातिथ्यही बसते आणि टेबलाखालची देवघेवही. ‘साधा चहासुद्धा विचारला नाही’ ही तक्रार तहानेची नसते, अपमानाची असते. आणि ‘त्यांच्याकडे आम्ही चहा घेत नाही’ असे कोणी म्हणाले, तर त्यामागे एखादे जुने भांडण, नाहीतर त्याहून जुनी जात दडलेली असते.

पंचहौदचा पेला

मराठी समाजजीवनातला सर्वांत गाजलेला चहा १८९० सालच्या ऑक्टोबर महिन्यात पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये दिला गेला. शहरातली प्रतिष्ठित मंडळी मिशनऱ्यांच्या निमंत्रणावरून तेथे जमली होती. रानडे होते, टिळक होते, गोखले होते. चहा आणि बिस्किटे पुढे आली. कोणी चहा घेतला, कोणी पेला नुसता हातात धरून खाली ठेवला. या सगळ्यामागे गोपाळराव जोशी होते, डॉ. आनंदीबाई जोशी यांचे पती. आनंदीबाई तीन वर्षांपूर्वी, १८८७ मध्ये, वारल्या होत्या. श्री. ज. जोशी यांच्या ‘आनंदी गोपाळ’ (१९६८) या कादंबरीमुळे या तऱ्हेवाईक माणसाचा स्वभाव मराठी वाचकाच्या परिचयाचा आहे. गोपाळरावांनी उपस्थितांची नावे ‘पुणे वैभव’ पत्रात छापून आणली आणि पुण्यात ग्रामण्य उभे राहिले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, चौकशी झाली, प्रायश्चित्ते ठरली. टिळकांनी आपण काशीस प्रायश्चित्त घेतल्याचे सांगितले. रानड्यांनी पुढे पुण्यात प्रायश्चित्त घेतले, आणि त्याबद्दल सुधारकांचे बोल ऐकून घेतले.

ही हकीकत एरवी राजकीय चरित्रांतून येते. तेथे तिचा सूर बहुधा विनोदाचा असतो, नाहीतर टिळक आणि सुधारक यांच्यातल्या चढाओढीचा. मला मात्र ती रमाबाई रानडे यांच्या ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ (१९१०) या पुस्तकात वाचावीशी वाटते. कारण रमाबाई मिशनच्या दिवाणखान्यात नव्हत्या, घरात होत्या. आणि त्या पेल्याचा परिणाम शेवटी घरातच येऊन पोहोचला.

ग्रामण्य म्हणजे केवळ वर्तमानपत्रातला वाद नव्हे. श्राद्धाला ब्राह्मण मिळत नाही. पंगतीला कोणी येत नाही. लेकीचे लग्न अडते, मुंज अडते. सुनेचे माहेर आणि लेकीचे सासर यांची दारे अर्धवट लोटली जातात. चहा घेतला पुरुषांनी, घराबाहेर, तासाभराच्या बैठकीत. त्याची किंमत वर्षभर मोजली ती घरातल्या बायकांनी आणि म्हाताऱ्या आईवडिलांनी, ज्यांच्या ओठाला तो चहा लागलाही नव्हता. रानडे प्रायश्चित्ताला तयार झाले ते अडचणीत सापडलेल्या मित्रांसाठी, असे रमाबाई सांगतात. आपल्याला ते रुचले नाही, हेही त्या लपवत नाहीत. पतीविषयी अपार आदर आणि त्याच्या एका निर्णयाविषयी नाराजी या दोन्ही भावना त्या शेजारीशेजारी ठेवतात. या प्रसंगाला चरित्रकारांच्या विनोदापेक्षा जास्त वजन येते ते त्यामुळे.

या साऱ्या वादात चहाच्या चवीविषयी बोलण्याचे कोणाला कारणच पडले नाही. पुण्यातल्या बहुतेक घरांत तेव्हा चहा रोजचा झाला नव्हता. तो कडक होता की गोड, याच्याशी धर्मशास्त्राला काही कर्तव्य नव्हते. प्रश्न पेल्याचा आणि तो पुढे करणाऱ्या हाताचा होता. सोवळ्याच्या हिशोबात तांब्या-पितळेचे भांडे घासून, विस्तवातून काढून शुद्ध होते. मातीचे होत नाही, ते टाकून द्यावे लागते. चिनी मातीचा पेला या हिशोबात नीट बसतच नव्हता. तो परका, गुळगुळीत, अनेकांच्या ओठांना लागून पुन्हा कपाटात जाणारा. म्हणजे चहाबरोबर आपल्याकडे केवळ एक पेय आले नाही. ज्यातून कालपर्यंत कोणीतरी दुसऱ्यानेच प्यायले आहे, असे एक भांडे आले. गोपाळरावांनी ते भांडे सुधारकांच्या धैर्याची कसोटी म्हणून वापरले. चारचौघांत घेतलेला चहा चारचौघांत कबूल करता येतो का, एवढाच त्यांचा प्रश्न होता. पुढच्या शंभर वर्षांत हा प्रश्न वेगवेगळ्या रूपांत पुन्हा पुन्हा विचारला गेला.

दोन तुरुंग, दोन चहा

पन्नास वर्षांनंतर शहरी, शिकलेल्या घरांपुरता तरी चहा बाटण्याचा प्रश्न मागे पडला होता. आता चर्चा होती चवीची आणि प्रकृतीची. योगायोग असा की, या चर्चेतली दोन महत्त्वाची टिपणे एकाच वर्षी, महाराष्ट्राच्याच भूमीवर, दोन तुरुंगांत लिहिली गेली.

९ ऑगस्ट १९४२ रोजी धरपकड झाली. गांधीजींना पुण्यात आगाखान पॅलेसमध्ये ठेवले गेले, आणि काँग्रेस कार्यकारिणीच्या नेत्यांना अहमदनगरच्या किल्ल्यात. त्याच वर्षाच्या उत्तरार्धात गांधीजींनी आगाखान पॅलेसमध्ये ‘आरोग्यनी चावी’ हे छोटे पुस्तक लिहून पूर्ण केले. त्यात चहा, कॉफी आणि कोको यांवर एक प्रकरण आहे. शरीराला यांतल्या कशाचीही गरज नाही, हा त्यांचा निष्कर्ष. पाने उकळली की त्यांतला टॅनिन उतरतो आणि तो पोटाला अपायकारक, हा आक्षेप. चहातून काही पोषण मिळत असेल तर ते दुधाचे आणि साखरेचे. पण चीनमध्ये चहा कसा सुरू झाला असावा हे सांगताना ते थोडे मऊ होतात. पाणी खरोखर उकळले आहे की नाही हे पानांच्या रंगावरून कळते, एवढ्यापुरता फिकट, सोनेरी चहा त्यांना निरुपद्रवी वाटतो.

अहमदनगरच्या किल्ल्यात मौलाना अबुल कलाम आझाद त्याच वेळी आपले मित्र हबीबुर रहमान खान शेरवानी यांना पत्रे लिहीत होते. ती टपालात पडणार नाहीत हे त्यांना माहीत होते. सुटकेनंतर, १९४६ मध्ये, ती ‘गुबार-ए-खातिर’ या नावाने पुस्तकरूपात आली. उर्दू गद्यातल्या या श्रेष्ठ पुस्तकात चहावरची पाने वाचकांना विशेष प्रिय आहेत. आझाद उजाडण्यापूर्वी उठतात, स्वतःच चहा तयार करतात, आणि एक घोट चहाचा, एक झुरका सिगारेटचा अशा तालात लेखनाला बसतात. त्यांना हवा असतो चिनी चहा, चमेलीचा वास असलेला, बिनदुधाचा. भारतात ज्याला लोक चहा म्हणतात तो त्यांच्या मते मुळात चहाच नाही. दूध घालण्याची चूक इंग्रजांनी केली आणि आपल्या लोकांनी तिचा कळस गाठून त्या पेयाचा पातळ हलवा करून टाकला, अशी त्यांची मिश्कील तक्रार आहे.

एक चहाचा विरोधक, दुसरा उपासक. दोघांच्या मध्ये जेमतेम सव्वाशे किलोमीटरचे अंतर. तरीही दोन्ही मजकूर एकत्र वाचताना मला त्यांच्यातला विरोध वरवरचा वाटतो. नकोसा चहा दोघांचाही एकच आहे: पातेल्यात खळखळ उकळलेला, दुधासाखरेने दाट केलेला, आपल्या घराघरांत होतो तो. आणि चालण्यासारखा चहाही दोघांचा जवळपास सारखाच आहे: फिकट, सोनेरी, पानांवर पाणी ओतून केलेला. एक आरोग्याच्या वाटेने तेथे येतो, दुसरा रसिकतेच्या. राष्ट्रीय चळवळीतले दोन सर्वोच्च नेते ज्या चहाला नको म्हणत होते, तोच चहा पुढे राष्ट्राने आपला मानला!

आणखी एक साम्य आहे. या दोन्ही चहांत दुसरे माणूस नाही. गांधीजींचा विचार व्यक्तीच्या शरीरापुरता आहे. आझादांचा आनंद एकांताचा आहे. ते स्वतःच यजमान, स्वतःच पाहुणे. या एकांताचा अर्थ पुस्तकात पुढे गेल्यावर उमगतो. एप्रिल १९४३ मध्ये त्यांच्या पत्नी झुलेखा बेगम कलकत्त्यात वारल्या. आझाद तेव्हा किल्ल्यातच होते. शेवटची भेट झाली नाही. त्या मृत्यूवरचे पत्र याच संग्रहात आहे. ते वाचून मागे वळले की पहाटेच्या चहाची ती नेमकी, हट्टी मांडणी निव्वळ शौक वाटत नाही. ज्याच्या हाती स्वतःचे काहीच उरलेले नाही, अशा माणसाने दिवसातला एक तास स्वतःच्या हाती ठेवला आहे, असे जाणवते. आपल्याकडच्या चहाच्या लेखनात पुरुष स्वतः चहा करतो असे प्रसंग शोधावे लागतात. त्यांतला हा एक तुरुंगातला असावा, हे सूचक आहे.

राष्ट्राने तिसराच चहा का उचलला? त्यामागे चवीइतकाच व्यापार आहे. १९०३ च्या कायद्याने निर्यात होणाऱ्या चहावर उपकर बसला आणि त्या पैशातून चहाचा प्रचार सुरू झाला. १९३७ पासून ‘इंडियन टी मार्केट एक्सपान्शन बोर्ड’ने तो जोराने चालवला. अन्नदा मुन्शी यांनी १९४७ मध्ये काढलेले चहाचे एक भित्तिचित्र उपयोजित कलेच्या अभ्यासकांना ठाऊक आहे. साडी नेसलेली स्त्री चरख्याशी बसली आहे, जवळ चहाचा सरंजाम आहे, आणि चहा शंभर टक्के स्वदेशी असल्याची ग्वाही दिली आहे. ज्या माणसामुळे चरखा घराघरांत पोहोचला, त्याने पाचच वर्षांपूर्वी चहा अनावश्यक ठरवला होता, हे ते चित्र पाहताना विसरायचे असते. पुढे काम केले ते सीटीसी यंत्राने. १९३० च्या सुमारास आसामात निघालेल्या या यंत्राने पानांचे बारीक, कडक दाणे होऊ लागले. थोड्या पुडीत गडद रंग आणि दुधालाही न दबणारा कडकपणा मिळू लागला. गरिबाला परवडेल असा घोट झाला. मळ्यांत पाने खुडणारे हात मात्र त्या पुडीत कोठेच दिसत नाहीत. मुल्कराज आनंद यांनी १९३७ सालीच आसामच्या मळ्यातल्या मजुरांवर ‘टू लीव्ह्ज अँड अ बड’ ही कादंबरी लिहिली होती. महाराष्ट्रापासून ते मळे दूर, म्हणून आपल्या चहाच्या लेखनापासूनही ते दूरच राहिले.

हॉटेल आणि ओटा

घराबाहेरच्या चहाने मराठीला काय दिले, याचे उत्तर पु. ल. देशपांडे यांच्या अंतू बर्व्यात आहे. १९६५ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेल्या ‘व्यक्ती आणि वल्ली’ या पुस्तकातली ही वल्ली हॉटेलातल्या चहात दुधाचा पत्ता नाही असे पाहून रत्नागिरीतल्या म्हशींच्या प्रकृतीची चौकशी करते. वाचकाला ते वाक्य पाठ असते. विनोद चहावर नाही. दारिद्र्यातही जिभेची धार बोथट होऊ न देणाऱ्या कोकणी वृत्तीवर आहे. पण हा विनोद व्हायला हॉटेल लागते. चार रिकामटेकडे पुरुष, एक उधारीचा कप आणि कोणी उठ म्हणणार नाही अशी वेळ, एवढे भांडवल असल्याशिवाय अंतू बर्वा बोलता होत नाही. मराठी माणसाच्या गप्पांना, वादांना आणि खवचटपणाला चहाच्या हॉटेलाने छप्पर दिले.

या हॉटेलांकडे आपल्या प्रश्नाच्या अंगाने पाहिले तर वेगळे काही दिसते. पुण्यातली अमृततुल्ये मुख्यतः राजस्थानातून आलेल्या श्रीमाळी ब्राह्मणांनी उभारली. चकचकीत पितळी पातेले, समोरच बसून चहा करणारा मालक, खलबत्त्यात कुटलेले आले-वेलदोडा, फडक्यातून गाळलेला चहा. सगळे गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत. आज आपण याला वातावरणनिर्मिती म्हणू. पण ज्या शहराने एका पेल्यापायी ग्रामण्य पाहिले होते, त्या शहरात करणाऱ्याचा हात आणि धातूचे भांडे दिसणे यालाही काही अर्थ असणार, असे माझे अनुमान आहे. उलट मुंबईच्या कोपऱ्याकोपऱ्यावरचा इराणी हिंदूंच्या जातिव्यवस्थेबाहेरचा. संगमरवरी टेबलाभोवतीच्या खुर्च्यांवर कोण कोणाशेजारी बसतो, याचा हिशोब ठेवण्याचे त्याला कारण नव्हते. म्हणजे अमृततुल्य आणि इराणी ही एकाच प्रश्नाची दोन उत्तरे होती. एकाने सांगितले, ‘हात ओळखीचा आहे, निर्धास्त घ्या.’ दुसऱ्याने सांगितले, ‘येथे हात कोणाचा हे विचारायचे नसते.’ चहावरचे आपले लेख या दोघांना एकाच हळव्या वाक्यात गुंडाळतात, तेव्हा एक मोठा फरक पुसला जातो.

घरातला चहा याहून अवघड आहे, कारण तेथे करणारा हात इतका ओळखीचा असतो की दिसेनासा होतो. तो दिसतो फक्त परीक्षेच्या दिवशी. कांदेपोह्यांच्या कार्यक्रमात मुलगी ट्रे घेऊन बाहेर येते आणि कोणीतरी म्हणते, ‘चहा तिनंच केलाय बरं का.’ पहिला घोट घेणाऱ्याच्या चेहऱ्याकडे अख्खे घर पाहत असते. ‘सनई चौघडे’ (२००८) या चित्रपटातल्या ‘कांदेपोहे’ गाण्यापर्यंत या प्रसंगाची थट्टा आणि व्यथा पुष्कळ चितारली गेली आहे. लग्नानंतर मात्र तोच हात कथेतून नाहीसा होतो. मग फक्त ‘चहा आला’ असे वाक्य उरते. मराठी कथा-कादंबऱ्यांत हे वाक्य किती वेळा येते ते पाहावे. चहा येतो, जणू पायांनी चालत येतो.

माझ्या आईचा सकाळचा चहा ओट्याशी उभ्यानेच होत असे. सगळ्यांचे कप भरून झाल्यावर पातेल्यात उरेल तो, बहुधा कोमट झालेला. खाली बसून घेतलेला तिचा चहा दुपारचा. तीन-साडेतीनला शेजारच्या दोघी येत, ताटात तांदूळ नाहीतर मेथीची जुडी निवडायला घेतलेली असे, आणि मग जो चहा होई तो कोणासाठी म्हणून नसे, त्यांचा स्वतःचा असे. आमच्यापैकी कोणी मधेच डोकावले तर बोलणे थांबत असे. घरातला सर्वांत चवीने घेतला जाणारा चहा हाच होता. या चहाचे लेखन मराठीत फार थोडे झाले. पुरुषांच्या हॉटेलाला पु. ल. मिळाले, दुपारच्या त्या चहाला त्याच ताकदीची लेखणी अजून मिळायची आहे.

वेगळी कपबशी

१८९० मध्ये ज्या प्रश्नाने पुणे ढवळले, तो प्रश्न खेड्यातल्या हॉटेलांत किती काळ टिकला, हे कळायला दलित आत्मकथने यावी लागली. शरणकुमार लिंबाळे यांच्या ‘अक्करमाशी’त (१९८४) गावच्या हॉटेलात दलितांसाठी वेगळी कपबशी ठेवलेली आहे. शिकू लागलेली दोन मुले तिच्याविरुद्ध तक्रार घेऊन पोलिसांकडे जातात. अस्पृश्यता नष्ट करणारे १७ वे कलम आणि दुकाने, उपाहारगृहे सर्वांना खुली करणारे १५ वे कलम राज्यघटनेत १९५० पासून होते. अस्पृश्यता गुन्हा ठरवणारा स्वतंत्र कायदा १९५५ मध्ये आला होता. तरीही ती कपबशी जागची हललेली नव्हती.

लिंबाळे यांचे गद्य या ठिकाणी मुद्दाम लक्ष देऊन वाचावे. त्यात चहाचा वास नाही, वाफ नाही, आठवणीचा गोडवा नाही. आखूड वाक्ये आहेत. पंचहौद प्रकरणाप्रमाणे येथेही चव गैरहजर आहे, आणि तिच्या जागी पुन्हा भांडे आहे. फरक एवढाच, आणि तो फार मोठा आहे: पुण्यातल्या प्रतिष्ठितांनी दुसऱ्याचा पेला घेतला म्हणून त्यांना प्रायश्चित्त मिळाले. येथे या मुलांना दुसऱ्यांचा पेला मिळतच नाही, आणि प्रायश्चित्त जन्मापासूनच लागू आहे. प्रतिष्ठितांची अडचण दोन वर्षांत शास्त्रार्थाने मिटली. यांच्या अडचणीला घटना आणि कायदाही पुरा पडला नाही.

याच काळातल्या टपरीच्या आठवणी मध्यमवर्गीय ललित लेखनात भरपूर आहेत. त्या खोट्या आहेत असे मी म्हणणार नाही. पण हॉटेल एकच असू शकते. एक मुलगा आत बाकावर बसून ज्या चहाची चव जन्मभर लक्षात ठेवतो, त्याच चहासाठी दुसरा बाहेर कोनाड्यातली कपबशी स्वतः काढतो, पिऊन झाल्यावर स्वतः विसळून परत ठेवतो. पहिल्याने आपला लेख लिहिताना त्या कोनाड्याकडे पाहिले नाही, एवढीच माझी तक्रार आहे. समीक्षेचे एक काम असे दोन मजकूर समोरासमोर बसवण्याचे असते.

या जागी मला जपानी चहाविधीची आठवण होते. कलकत्त्यात टागोर कुटुंबाशी स्नेह जुळलेल्या ओकाकुरा काकुझो यांनी १९०६ मध्ये ‘द बुक ऑफ टी’ हे पुस्तक पाश्चात्त्यांसाठी इंग्रजीत लिहिले आणि चहाचे एक तत्त्वज्ञान जगापुढे ठेवले. सोळाव्या शतकात सेन नो रिक्यू यांनी घडवलेल्या चहागृहाचे दार इतके बुटके असते की सरदारालाही तलवार बाहेर ठेवून वाकूनच आत जावे लागते. यजमान स्वतः चहा करतो. दाट चहा असेल तर एकच वाडगा सर्व पाहुण्यांत फिरतो. प्रत्येकाने कड पुसून पुढच्याच्या हाती द्यायचा. जपानी समाजात उच्चनीचता नव्हती असे नाही. रिक्यूंना त्यांच्याच आश्रयदात्या हिदेयोशीच्या हुकमाने १५९१ मध्ये प्राण द्यावे लागले. पण चहा चालू असेपर्यंत तरी माणसे एका वाडग्याची, असा संकेत त्या संस्कृतीने कलेच्या पातळीवर नेला. आपल्याकडे असा विधी घडला नाही. आपल्याकडे जे घडले ते रस्त्यावर, बाकावर, भांडून आणि अर्धेमुर्धे.

तरी काहीच घडले नाही असेही नाही. बशीचेच उदाहरण घ्यावे. इंग्रजी शिष्टाचारात ती कपाखालची, सांडलेले टिपायची. आपण तिच्यात चहा ओतून फुंकर घातली, फुरका मारला, आणि शिष्टांची नाके मुरडली. पण बशीचा खरा उपयोग वेगळाच झाला. खिशात एकाच चहाचे पैसे आणि माणसे दोन, अशा वेळी एकाने कप घेतला, दुसऱ्याने बशी. गिरणीच्या दारात, एसटी स्टँडवर, कचेरीच्या कँटीनमध्ये हे रोज घडले. ‘कटिंग’ हा त्याच हिशोबाचा पुढचा अवतार. एका कपातला चहा दुसऱ्याच्या बशीत ओतताना तो दुसरा कोण, हे ज्या क्षणी कोणी विचारेनासे झाले, त्या क्षणी चहाच्या आनंदात एक नवी चव उतरली. ती आल्याची नव्हती, वेलदोड्याची नव्हती.

घरांत आता मग आले आहेत. ते चांगले मोठे असतात, हातात उबदार लागतात, पण ते एकट्याचे. त्यांतून दुसऱ्याला काही ओतून देता येत नाही. कपाटात मागे पडलेल्या बशा कोणी फेकल्या नसतील तर त्यांतल्या दोन वर काढून ठेवाव्यात, असे या निमित्ताने सुचवतो. पुढचा चहा ज्याच्या हातचा असेल, त्यालाही बसायला सांगावे आणि अर्धा त्याच्या बशीत ओतावा.